गेटला, नळाला, गडग्याच्या तारेला झटका: सौर कुंपणाची दर पावसाळ्यातली तक्रार आणि तिचे निवारण

मिरग लागला की कोकणातल्या बागायतदारांची एक तक्रार ठरलेली असते. रानडुकरांना अडवण्यासाठी बागेभोवती सौर कुंपण घातलेले असते, त्याच्या तारेला कोणी हातही लावलेला नसतो, आणि तरीही झटका बसतो. कधी लोखंडी गेटच्या कडीला, कधी गोठ्याशेजारच्या नळाला, तर कधी गडग्यावरून, म्हणजे दगड रचून केलेल्या हद्दीच्या भिंतीवरून, पूर्वी ओढून ठेवलेल्या काटेरी तारेला. दिवाळीनंतर जमीन वाळू लागली की तक्रार आपोआप थांबते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभी राहते. उन्हाळ्यात नेमके उलटे घडते. तारेत जोर उरत नाही आणि डुकरे तिच्याखालून शिरून कलिंगडाचे वेल उपटून टाकतात.

दोन्ही वेळी तारेत विजेचे ठोके सोडणारे मशीन बदलण्याचा सल्ला मिळतो आणि दोन्ही वेळी तो बहुधा फुकट जातो. मशीन बिघडतच नाही असे नाही, परंतु नको तिथे बसणारा झटका आणि हवा तिथे न बसणारा झटका या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक ठिकाणी एकच असते, ते म्हणजे मशीनमधून निघालेली वीज मशीनकडे परत येण्याची वाट. त्या वाटेला आपण अर्थिंग म्हणतो, आणि कुंपण घालताना सर्वांत कमी पैसा व सर्वांत कमी विचार तिच्यावरच खर्च झालेला असतो.

आधी झटका कोणता ते ठरवावे

कारण शोधण्यापूर्वी एक प्रश्न सुटला पाहिजे, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. झटका कुंपणाच्या मशीनचा आहे की घरातल्या किंवा पंपाच्या विजेचा?

कुंपणाच्या मशीनची वीज ठोक्याठोक्याने येते. सुमारे दर सेकंदाला एक ठोका पडतो, त्यातला दाब पाच ते दहा हजार व्होल्टपर्यंत असतो, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. जनावरांच्या कुंपणासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन ठोक्यांमधले अंतर एका सेकंदापेक्षा कमी असू नये अशी अट आहे, आणि ती अट केवळ कागदी नाही. त्या मधल्या क्षणात आखडलेले स्नायू सैल होतात आणि माणूस किंवा जनावर मागे सरकू शकते. घरातली २३० व्होल्टची वीज मात्र सेकंदाला पन्नास आवर्तने करीत सलग वाहते, हाताची मूठ आवळली जाते आणि पकडलेली वस्तू सुटत नाही. म्हणून धक्का हिसक्यासारखा येऊन थांबत असेल, पुन्हा सेकंदाने येत असेल, तर बोट कुंपणाकडे वळते. सलग झिणझिण्या येत असतील, तर ती घरची किंवा पंपाची गळती समजावी.

अंदाजावर मात्र राहू नये आणि पुन्हा हात लावून तर मुळीच पाहू नये. झटका देणाऱ्या वस्तूपासून मुलांना आणि गुरांना दूर ठेवून कुंपणाचे मशीन बंद करावे, बॅटरीला लावलेला चार्जर असल्यास तो काढावा, आणि मग मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई नळाला किंवा गेटला आणि दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला टेकवावी. मशीन बंद असूनही काही व्होल्ट दिसत राहिले, तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा पंपाचा आहे. अशा वेळी मेन स्विच पाडावा आणि परवानाधारक वायरमनलाच बोलवावे. पुढचे काहीही स्वतः करू नये. विहिरीवरच्या पाणबुडी पंपाची केबल खरचटलेली असणे आणि पंपाला अर्थिंगच नसणे, ही जोडी आपल्याकडे आश्चर्य वाटण्याइतकी सर्रास आढळते. घराच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर अशी गळती बहुधा तिथेच अडते. तो नसेल, तर कुंपणाच्या दुरुस्तीपूर्वी तो बसवून घेणे शहाणपणाचे.

येथे आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. साधा मल्टीमीटर चालू कुंपणाच्या तारेला कधीही लावू नये. तो सहाशे किंवा हजार व्होल्टसाठी बनवलेला असतो. कुंपणाचा एक ठोका त्याला कायमचा निकामी करतो आणि धरणाऱ्यालाही सोडत नाही. कुंपणासाठी वेगळा टेस्टर मिळतो, त्याला जमिनीत खोचायची एक सळई असते आणि तो किलोव्होल्टमध्ये आकडा दाखवतो. एवढे एकच साधन प्रत्येक कुंपणवाल्याने विकत घ्यावे असे माझे मत आहे.

चार्जरचा धोका

पावसाळ्यात झटके वाढण्यामागे एक कारण असे आहे, ज्याची चर्चा कमी होते आणि जे सर्वांत घातक आहे. आषाढात आभाळ आठवडाभर उघडत नाही, सोलर पॅनलमधून बॅटरी पुरेशी भरत नाही, आणि मग कोणीतरी मांगरातून, म्हणजे बागेतल्या शेतघरातून, वायर ओढून बॅटरीला विजेवरचा चार्जर लावून ठेवतो, मशीन चालूच ठेवून. स्वस्त चार्जरमधले आतले विलगीकरण खराब झाले, किंवा मुळातच नसले, तर घरातली २३० व्होल्टची वीज बॅटरीतून मशीनमध्ये आणि तिथून थेट तारेवर येऊ शकते. मग ते कुंपण ठोके देणारे राहत नाही, सलग विजेचा सापळा होते. बॅटरी विजेवर भरायचीच असेल, तर ती मशीनपासून पूर्ण सोडवून, घरात नेऊन भरावी आणि मगच परत जोडावी. दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरणे हा खर्च वाटला तरी खरा उपाय आहे.

घरची वीज जाणूनबुजून तारेत सोडण्याचे प्रकार अजून घडतात. त्यात माणसे मेली आहेत, आणि तसे करणाऱ्यांवर मनुष्यवधाचे गुन्हेही दाखल झालेले आहेत. त्याबद्दल येथे याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

वीज परत कशी येते

मशीनला दोन टोके असतात. एक तारेला जाते, दुसरे जमिनीत रोवलेल्या सळयांना. जनावर तारेला टेकले की ठोका तारेतून त्याच्या अंगात, पायांतून मातीत, आणि मातीतून सळयांमार्गे मशीनकडे परत जातो. ही फेरी पूर्ण झाली तरच झटका बसतो. सळया मातीशी नीट भिडलेल्या नसतील, तर वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि पाण्याची लोखंडी पाइपलाइन, गोठ्याचे पत्रे, विहिरीवरचा पंप, गेटचा खांब यांपैकी जे काही मातीत खोल गेलेले असेल ते त्या वाटेचा भाग बनते. नळाला हात लावणारा माणूस तेव्हा त्या वाटेत सापडतो. गुरांना तर माणसाला जाणवतही नाही अशा क्षीण विजेचा त्रास होतो. गाय पाण्याच्या दोणीजवळ येऊन थांबते, मुस्कट पुढे करते आणि पाणी न पिताच मागे फिरते, असे वारंवार दिसले तर पाण्यात दोष शोधण्यापूर्वी अर्थिंग तपासावे.

आपल्याकडे ही अडचण अधिक तीव्र होते ती जांभ्यामुळे. सड्यावर, कातळावर माती वीतभरही नसते. मार्चनंतर जांभा इतका कोरडा होतो की त्यात ठोकलेली सळई हवेत टांगल्यासारखीच असते, मग तारेला हात लावला तरी फेरी पूर्ण होत नाही. पावसाळ्यात तोच जांभा पाणी पिऊन वीज वाहून नेऊ लागतो, जिथे तार दगडाला टेकली आहे तिथून गळती सुरू होते, आणि तुटपुंज्या अर्थिंगवर ती सगळी येऊन पडते.

उपाय स्पष्ट आहे, मात्र तो अंगमेहनतीचा आहे. किमान तीन जस्त चढवलेल्या सळया किंवा पाइप, प्रत्येकी सुमारे दोन मीटर लांब, एकमेकांपासून तीन मीटर अंतरावर रोवाव्यात आणि एकाच सलग तारेने मशीनच्या अर्थ टोकाला जोडाव्यात. त्या मशीनच्या शेजारीच हव्यात असा कोणताही नियम नाही. मशीन मांगराच्या भिंतीवर आणि मांगर कातळावर असेल, तर चांगल्या इन्सुलेशनची तार ओढून सळया खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी, भाताच्या मळीच्या बांधाला किंवा माडाच्या आळ्यालगत, म्हणजे चैत्रातही ओल राहते अशा जागी न्याव्यात. घराच्या अर्थिंगपासून त्या किमान दहा मीटर लांब असाव्यात. घराच्या अर्थिंगलाच किंवा पाण्याच्या पाइपला कुंपणाचे अर्थ टोक जोडून वेळ मारून नेण्याची पद्धत पूर्ण बंद करावी, कारण नळाला येणाऱ्या झटक्यांचा मोठा भाग तिच्यातूनच येतो. तांब्याची तार जस्ताच्या सळईला नुसती पिळून जोडू नये. खाऱ्या वाऱ्यात हे दोन धातू एकमेकांना खातात आणि एका पावसाळ्यात तो जोड हिरव्या-पांढऱ्या भुकटीचा होतो. जस्ताच्या सळईला जस्ताचीच तार आणि जस्ताचाच क्लॅम्प वापरावा.

अर्थिंग पुरेसे आहे की नाही हे पाहण्याची एक चाचणी आहे. मशीन बंद करून त्यापासून शंभर मीटरवर दोन-तीन लोखंडी पहारी जमिनीत खोचून तारेला टेकवून ठेवाव्यात, म्हणजे तेथे मुद्दाम गळती निर्माण होते. मग मशीन चालू करून तारेतला दाब दोन हजार व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करावी, आणि कुंपणाच्या टेस्टरने शेवटच्या अर्थ सळईवर मोजावे. टेस्टरची स्वतःची सळई तिथून लांब खोचलेली असावी. आकडा तीनशे व्होल्टच्या वर दिसला तर आणखी सळया हव्यात. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये करावी. जुलैमध्ये कोणतेही अर्थिंग चांगलेच दिसते.

ओलाव्याची जागा जवळपास नसलेल्या निव्वळ कातळावर एक वेगळी मांडणी उपयोगी पडते. कुंपणाच्या तारांपैकी एकाआड एक तार मशीनच्या अर्थ टोकाला जोडतात, म्हणजे जनावराने दोन शेजारच्या तारांना एकाच वेळी स्पर्श केला की जमिनीच्या मदतीशिवाय झटका बसतो. गव्यासारख्या मोठ्या जनावरापुढे उन्हाळ्यात हीच मांडणी टिकते. तिचा तोटाही आहे. पावसाळ्यात वाढलेला एखादा वेल दोन तारांमध्ये अडकला की गळती दुप्पट होते, म्हणून अशा बागेत रान मारण्याची पाळी चुकवता येत नाही.

गेटचा झटका

गेटजवळच्या तक्रारीत कारणे मोजकी असतात आणि ती डोळ्यांनी सापडतात. कुंपणाची तार गेटच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेण्यासाठी जमिनीखालून घातलेली वायर ही पहिली संशयित. बहुतेकांनी तिथे घरातल्या दिव्यापंख्याची वायर पुरलेली असते. तिचे आवरण अकराशे व्होल्टपर्यंतच्या वापराचे असते आणि तिच्यातून सात-आठ हजारांचे ठोके जात असतात. कोरड्या दिवसांत ती तग धरते, पाऊस पडला की आवरणात बारीक भोके पडतात आणि गेटखालची चिखलट जागाच झटका देऊ लागते. अनवाणी माणसाला तो पायांतच जाणवतो. येथे कुंपणासाठीच मिळणारी जाड आवरणाची भूमिगत केबल, जी वीस हजार व्होल्ट सोसते, ती पीव्हीसी पाइपमधून घालावी आणि पाइपची दोन्ही तोंडे खाली वळवावीत, म्हणजे पाणी आत उतरत नाही.

दुसरी संशयित म्हणजे तारेला खांबापासून अलग ठेवणारा गेटच्या खांबावरचा इन्सुलेटर. तो काढून हातात घेतल्याशिवाय दोष दिसत नाही. एका बागेत असाच काढलेला प्लास्टिकचा इन्सुलेटर वरून धडधाकट वाटत होता. उलटा केल्यावर तारेच्या खाचेपासून खिळ्यापर्यंत केसाइतकी भेग दिसली, तिच्यात तांबडी माती भरलेली, आणि मातीच्या कडेने काळी जळकी रेघ. प्रत्येक ठोका त्या रेघेवरून खांबात उतरत होता. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, खाऱ्या हवेत त्यावर मिठाचा पातळ थर बसतो, आणि पावसाच्या पहिल्या सरीने तो थर ओला झाला की वाट तयार होते. समुद्रालगतच्या आगरांत मी चिनी मातीचे इन्सुलेटर पसंत करतो. ते महाग आहेत आणि नारळ पडला तर फुटतात, हे मान्य करूनही. तार आणि खांब यांच्यामध्ये चिकटून मेलेली पाल किंवा सरडा, हेही एक कारण असते, आणि मुंग्यांनी इन्सुलेटरच्या पोकळीत आणून भरलेली माती हे त्याहून नेहमीचे.

पांगाऱ्याच्या किंवा गिरीपुष्पाच्या जित्या मेढींवर तार ओढली असेल, तर इन्सुलेटर लांब खिळ्याचा हवा, कारण झाड जाड होत जाते आणि दोन वर्षांत तारेला गिळते. चिऱ्याचा खांब कोरडा असताना दगड आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भिजलेला चिरा वीज नेतो.

गडग्यावरची काटेरी तार

जुन्या गडग्यावर काटेरी तार असते, तिच्या वरून किंवा बाजूने कुंपणाची नवी तार नेलेली असते, आणि दोन्ही कुठेही टेकलेल्या नसतानाही काटेरी तारेला झटका बसतो. यात भुताटकी काही नाही. लांबवर समांतर गेलेल्या दोन तारांपैकी एकीत ठोके सुरू असले की दुसरीवर, ती जमिनीपासून अलग असल्यास, विजेचा भार चढतो. काटेरी तार कुंपणाच्या तारेपासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावी आणि ठरावीक अंतरावर सळया ठोकून जमिनीला जोडावी, म्हणजे हा भार उतरतो. काटेरी तारेतच मशीनची वीज सोडणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे, कारण कपडा किंवा कातडी काट्यात अडकलेल्या माणसाला ठोक्यांच्या मधल्या वेळातही सुटता येत नाही.

सामाईक गडग्यावरचा आणखी एक प्रकार अलीकडे वाढला आहे. गडग्याच्या अलीकडे एका भावाचे कुंपण, पलीकडे दुसऱ्याचे, मशीन प्रत्येकाचे वेगळे. दोन्ही मशीनचे ठोके एकमेकांना ठाऊक नसतात. दोन्ही तारांना एकाच वेळी टेकलेल्या माणसाला ठोक्यांमधला एक सेकंदाचा विसावा मिळेलच असे नाही. वेगवेगळ्या मशीनवर चालणाऱ्या दोन कुंपणांच्या तारांत किमान अडीच मीटर अंतर हवे असे मानक सांगते. जागा तेवढी नसेल तर दोघांनी मिळून एकच मशीन आणि एकच तार ठेवावी. हद्दीचा वाद असल्यास तो मोजणीने मिटवावा, पण तोवर दोन मशीन समोरासमोर चालवू नयेत.

गळती शोधण्याचा क्रम

वरील काहीच सापडले नाही तर क्रमाने जावे. तार सोडवून मशीनवरचा दाब मोजावा; तो पुरेसा असेल तर मशीन निर्दोष आहे. मग कुंपण तुकड्या-तुकड्यांनी जोडत जावे आणि ज्या तुकड्याने आकडा कोसळतो त्यात गळती आहे असे समजावे. कुंपण घालतानाच तीन-चार ठिकाणी खटके बसवलेले असतील तर हे काम चहा होईपर्यंत आटोपते. रानडुकराची कातडी जाड आणि केस राठ असल्याने तारेत चार हजार व्होल्ट तरी टिकले पाहिजेत.

तुकड्यातली नेमकी जागा शोधायला मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर फार कामाला येतो. काटा दोन केंद्रांच्या मध्ये ठेवून, आवाज मोठा करून तारेच्या कडेने चालत जावे. प्रत्येक ठोक्याला टिक् असा आवाज येतो आणि जिथे ठिणगी उडते आहे तिथे तो एकदम कर्कश होतो. तिन्हीसांजेनंतर पाऊस थांबलेला असताना गेल्यास निळसर ठिणगी डोळ्यांनाही दिसते. घाणेरी आणि रानमोडी तारेपर्यंत चढलेली असेल तर तिथे ठिणगी दिसत नाही, पण पानांच्या कडा करपलेल्या असतात. खालच्या तारेखालचे गवत पावसाळ्यात दर पंधरवड्याला कापावे लागते. कापताना मशीन बंद करून किल्ली खिशात ठेवावी, कारण कोयता तारेला लागला की तो झटका मुठीतून खांद्यापर्यंत जातो.

वरून जाणारी वीजवाहिनी

महावितरणच्या तारांखालून कुंपण न्यावेच लागले तर काटकोनात न्यावे, समांतर नेऊ नये, आणि त्या टप्प्यात तार उंच घेऊ नये. वाऱ्यात वाहिनी तुटून कुंपणावर पडली तर बागेच्या दुसऱ्या टोकाचे गेटही प्राणघातक होते. अशा वेळी कुंपणाच्या कोणत्याही भागाजवळ न जाता महावितरणला कळवावे आणि वाडीतल्या शेजाऱ्यांना हाका मारून थांबवावे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मशीनची दोन्ही टोके सोडवून ठेवावीत.

पाखाडीला किंवा सार्वजनिक पायवाटेला लागून कुंपण असेल तर दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा पिवळा फलक दर थोड्या अंतरावर लावावा, आणि अक्षर न वाचणाऱ्यालाही कळेल असे चित्र त्यावर असावे. डोक्याला किंवा मानेला बसलेला झटका हातापेक्षा गंभीर असतो, म्हणून तारांमधून वाकून आत शिरण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. छातीत पेसमेकर असलेल्या व्यक्तीने कुंपणाच्या आसपासचे काम करू नये. झटक्यानंतर कोणाला छातीत दुखणे, घेरी किंवा धडधड जाणवली तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे, आणि झटका ठोक्याचा होता की सलग, हे डॉक्टरांना सांगावे.